वकील नेमण्याआधी नोटिशींवरच्या तारखा वाचा

कुपवाडच्या एका भगिनींचे पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

"माझे यजमान एमआयडीसीतल्या कारखान्यात मशीनवर कामाला आहेत. पगार महिना २७,००० रुपये आहे. मी घरी शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मिरजेत दीड महिना उपचार केले, पण ते राहिले नाहीत. त्या काळात यजमानांनी दोन क्रेडिट कार्डे वापरली, एका फायनान्स कंपनीचे वैयक्तिक कर्ज घेतले आणि पतसंस्थेतूनही कर्ज उचलले. आज कार्डांचे मिळून १,८५,००० रुपये, फायनान्स कंपनीचे २,४०,००० आणि पतसंस्थेचे १,५०,००० देणे आहे. पतसंस्थेच्या कर्जाला माझा सख्खा भाऊ जामीन आहे, तो शाळेत शिक्षक आहे. पाच महिन्यांचे हप्ते थकले आहेत. कार्डवाल्यांचे फोन सकाळी सातपासून येतात. त्यांनी शेजारणीलाही फोन केला. दिल्लीच्या एका वकिलाची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर आली, त्यात ४८ तासांत अटक वॉरंट निघेल असे लिहिले आहे. फायनान्स कंपनीने कर्ज देताना सही केलेले तीन कोरे चेक घेतले होते. त्यातल्या एकावर २,६०,००० रुपये भरले, तो परत गेला आणि त्याची रजिस्टर नोटीस आली. त्याच कंपनीचा लवाद (न्यायालयाबाहेर वादाचा निवाडा करणारा पंच) नेमल्याचा ई-मेलही आला आहे. पतसंस्थेच्या अर्जावर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांसमोर कलम १०१ ची, म्हणजे वसुलीची, सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. मोबाइलवर जाहिरात करणारी एक कंपनी म्हणते की ३५,००० रुपये भरा, आमचे वकील सगळी कर्जे निम्म्यावर आणतील, तोपर्यंत कोणाचाही हप्ता भरू नका. ओळखीतून कळलेले सांगलीचे एक वकील सगळ्या कामाचे मिळून १५,००० मागतात. वकील करावा का, आणि कोणता? मी दागिने मोडावेत का? मलाही पकडतील का? भावाला मी अजून काहीच सांगितलेले नाही."

ताई, तुमचे पत्र हाती पडले तेव्हा चेकची नोटीस मिळून सहा दिवस झाले होते. त्या नोटिशीची मुदत पंधरा दिवसांची असते, म्हणून हे सदर प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता त्यासंबंधीचे दोन शब्द तुम्हाला आधीच कळवले आहेत. बाकीचे सविस्तर येथे लिहितो, कारण अशाच अर्थाची पत्रे या जिल्ह्यातून मला वारंवार येतात. मी स्वतः वकील नाही. माझी नोकरी एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात गेली, म्हणजे कर्जदाराचे वकील ज्या टेबलासमोर येऊन बसत त्या टेबलाच्या आतल्या बाजूला मी बसत होतो. वकिलाच्या कोणत्या कागदाने फाइल थांबते आणि कोणता कागद नुसता फाइलला लागून राहतो, हे मी तिथे पाहिले आहे.

सर्वांत आधी मनातली भीती बाजूला करू. कर्ज थकणे हा गुन्हा नाही, तो दिवाणी व्यवहार आहे. कर्ज फेडण्याची ऐपतच नसलेल्या माणसाला केवळ त्या कारणासाठी तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले आहे. ४८ तासांत वॉरंट काढणे दिल्लीच्या वकिलाच्या हातात नाही, कारण वॉरंट फक्त न्यायालय काढते. न्यायालयाच्या समन्सवर न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा क्रमांक, हजर राहण्याची तारीख आणि शिक्का असतो, आणि ते प्रकरण ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कागद यांपैकी काहीही दाखवत नसेल तर तो जपून ठेवा, पण त्यासाठी रात्रीची झोप घालवू नका. तुमच्याविषयी म्हणाल, तर तुम्ही कर्जदार, सहकर्जदार किंवा जामीन म्हणून कुठेही सही केलेली नसेल, तर यजमानांच्या कर्जासाठी तुम्हाला जबाबदार धरता येत नाही. तुमचे शिलाई मशीन तुमच्या मालकीचे आहे. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० कर्जदाराच्या घरातलीही स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारे आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने जप्तीतून वगळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तुमच्या घरात आज पाच प्रकारचे कागद आणि फोन येत आहेत, आणि तुमच्या पत्रावरून असे दिसते की ज्याचा आवाज सर्वांत मोठा त्याची धास्ती तुम्ही सर्वांत जास्त घेतली आहे. कार्डवाले दिवसातून दहादा फोन करतात म्हणून त्यांना काही रक्कम देऊन टाकावी, असे तुम्ही पत्रात एका ठिकाणी लिहिले आहे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ज्या कागदावर कायद्याने ठरलेली तारीख आहे आणि ती चुकली तर हक्क जातो, त्या कागदासाठी वकील लागतो. अशा तारखेचे तुमच्याकडे तीन कागद आहेत: चेकची नोटीस, पतसंस्थेची सुनावणी आणि लवादाचा ई-मेल. कार्डांच्या बाबतीत आज तरी वकिलाला द्यावा असा एकही रुपया मला दिसत नाही.

चेकपासून सुरुवात करतो. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ नुसार चेक परत गेल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यानंतरच्या एक महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दाखल करता येते. तुमच्यापुढे असलेल्या कागदांपैकी फौजदारी वळण घेऊ शकणारा हा एकच कागद आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी आहे. गुन्हा जामीनपात्र आहे आणि खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर तो तडजोडीने मिटवता येतो. तरीही तो अंगावर येऊ देऊ नये, कारण आरोप नाकारल्यास न्यायालय चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई भरायला सांगू शकते. शिवाय २०१५ च्या दुरुस्तीनंतर असा खटला साधारणपणे चेक घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथे चालतो. कंपनीचे खाते मुंबईत किंवा चेन्नईत असेल तर यजमानांना तारखेसाठी तिथे जावे लागेल, आणि दर तारखेला कारखान्यातली रजा आणि प्रवासखर्च हाच मोठा दंड होऊन बसेल.

म्हणून नोटिशीला उत्तर पंधरा दिवसांच्या आत, वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने गेले पाहिजे. तुमच्या यजमानांच्या बाजूने एक मुद्दा मला दिसतो, तो वकिलांना आवर्जून दाखवा. कंपनीच्या स्वतःच्या उताऱ्याप्रमाणे देणे २,४०,००० आहे, मग चेकवर २,६०,००० कसे भरले? आणि संपूर्ण कर्ज एकरकमी परत मागवल्याचे पत्र कंपनीने आधी दिले होते का, की थकलेले फक्त पाच हप्तेच त्या दिवशी देय होते? चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली असेल आणि तिची नोंद चेकवर न करता पूर्ण रकमेसाठी तो वटवायला टाकला असेल, तर कलम १३८ चा गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. तुमच्या प्रकरणाला हे कितपत लागू पडते ते कर्जाचा उतारा समोर ठेवून वकीलच सांगू शकतील, आणि त्यांची फी ज्यासाठी द्यायची ते काम हेच. मात्र चेक कोरा होता, एवढ्यावर विसंबू नका. सही केलेला कोरा चेक स्वखुशीने दिला असेल, तर तो देणे फेडण्यासाठीच दिला असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नव्हते हे दाखवण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो. चेक चोरीला गेला, हरवला, असे खोटे उत्तर कोणी सुचवले तर ते चुकूनही देऊ नका. ते उत्तर पुढे न्यायालयात तुमच्याच विरुद्ध वाचले जाते, आणि त्यानंतर खऱ्या मुद्द्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

लवादाच्या ई-मेलला लोक सर्वांत कमी महत्त्व देतात, आणि नुकसान तिथेच होते. कंपनीने एकतर्फी नेमलेला लवाद मान्य करायला तुमचे यजमान बांधील नाहीत. वादाच्या निकालात ज्याचे हित गुंतले आहे त्याने एकट्यानेच लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. तरीही गप्प बसलात तर एकतर्फी निवाडा होतो आणि दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी त्याची अंमलबजावणी होते. निवाडा रद्द करून घ्यायला तो मिळाल्यापासून तीन महिने असतात, त्यावर फार तर ३० दिवसांची सवलत मिळते आणि पुढे दार बंद होते. आज करायचे काम लहान आहे: ही नेमणूक आम्हाला मान्य नाही, असा लेखी आक्षेप लवादाला आणि कंपनीला ई-मेलने व पोस्टाने पाठवणे. चेकच्या नोटिशीचे उत्तर लिहिणाऱ्या वकिलांनीच हेही पत्र लिहावे, कारण दोन्ही पत्रांत कर्जाच्या रकमेविषयी वेगवेगळी विधाने गेली तर पंचाईत होईल. वाद सुरू झाल्यानंतर "लवाद मान्य आहे" अशा कोणत्याही मजकुरावर सही मात्र करू नका, कारण तशी लेखी संमती दिली की आक्षेपाचा हक्क संपतो.

आता पतसंस्था. माझ्या मते तुमच्या घरातला सर्वांत गंभीर कागद हाच आहे, आणि पत्रात तुम्ही त्याला एकच वाक्य दिले आहे. पतसंस्थेचे लोक सकाळी सातला फोन करत नाहीत, शेजारणीला गाठत नाहीत, म्हणून ती शांत वाटते. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांनी वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा हुकूम, दिला की दिवाणी दाव्याची लांबलचक वाट तिला चालावी लागत नाही. संस्थेचा वसुली अधिकारी त्याच दाखल्यावर जप्तीची कारवाई सुरू करतो. दाखल्याविरुद्ध विभागीय सहनिबंधकांकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण त्यासाठी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. तुमच्या बाबतीत ते ७५,००० रुपयांच्या घरात जातील, आणि ते जवळ असते तर हा प्रश्नच उभा राहिला नसता. त्यापुढे रिट अर्ज करायचाच झाला तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचमुळे मुंबईची खेप वाचते, इतकाच दिलासा. म्हणून जे काही सांगायचे आहे ते पहिल्या सुनावणीतच सांगितले पाहिजे.

सुनावणीत काय सांगायचे, हे आमच्या विभागात येणाऱ्या पुष्कळ कर्जदारांना ठाऊक नसे. सासऱ्यांचे आजारपण, घरची परिस्थिती हे ऐकून अधिकाऱ्याला वाईट वाटते, पण वसुली दाखला थांबत नाही. तिथे हिशोबावर बोलावे लागते. कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा मागा, व्याजाचा दर मंजुरीपत्राशी ताडून पाहा, दंडव्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावले आहे का ते तपासा, नोटीस खर्च आणि वसुली खर्च कशाच्या आधारावर लावला ते विचारा, आणि भरलेली प्रत्येक पावती उताऱ्यात जमा दिसते का ते बघा. त्यानंतर परवडेल असा हप्ता लेखी सुचवा. सुनावणीच्या आधीच संस्थेकडे एकरकमी परतफेडीचा किंवा हप्ते बांधून देण्याचा अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली, तर संचालक मंडळापुढे तो ठेवला जाण्याची शक्यता वाढते. या कामासाठी सहकार खात्यापुढची प्रकरणे नेहमी चालवणारे वकील हवेत. चेकच्या खटल्यांत तरबेज असलेल्या वकिलांना कलम १०१ ची सवय असेलच असे नाही.

यातच जामिनाचा प्रश्न आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागावे, मग जामिनाकडे वळावे, असे बंधन सर्वसाधारणपणे नसते. तुमचे बंधू शिक्षक आहेत, त्यांचा पगार दर महिन्याला ठरलेल्या खात्यात जमा होतो, आणि वसुली अधिकाऱ्याच्या दृष्टीने तीच सर्वांत सोपी वसुली असते. यजमानांच्या पगाराचा हिशोबही सांगून ठेवतो: दिवाणी हुकूमनाम्यात पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग जप्त करता येत नाही, म्हणजे २७,००० पैकी जास्तीत जास्त सुमारे ८,६६७ रुपये जप्त होऊ शकतात. मात्र कर्ज घेताना पगारातून परस्पर कपात करण्याच्या संमतीपत्रावर सही केली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून ती कागदपत्रे आधी शोधा.

क्रेडिट कार्डांच्या देण्याला काही तारण नाही, त्यामुळे बँक परस्पर काहीही उचलून नेऊ शकत नाही. तिला दिवाणी दावा लावावा लागेल किंवा तडजोड करावी लागेल. दाव्याचे समन्स आले तर मात्र त्याच दिवशी वकील गाठा, कारण संक्षिप्त दाव्यात हजेरी नोंदवायला अवघे दहा दिवस मिळतात. तोवर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहून उत्पन्न, घरखर्च आणि इतर देणी मांडा आणि थकबाकीचे हप्ते बांधून मागा. तडजोडीचा आकडा ठरलाच, तर तो बँकेच्या लेटरहेडवर, खाते क्रमांकासह आणि "ही रक्कम भरल्यावर काही देणे राहणार नाही" अशा शब्दांसह हाती आल्याशिवाय एक पैसाही भरू नका. फोनवरच्या माणसाने दिलेल्या शब्दाला आमच्या फाइलमध्ये कधीच जागा नव्हती. तडजोडीनंतर पतअहवालात "सेटल्ड" असा शेरा राहतो आणि पुढची काही वर्षे नवे कर्ज मिळायला अडचण होते, हेही माहीत असू द्या. आज तुमच्या घराला नवे कर्ज मिळू नये, हे मला तरी फार मोठे नुकसान वाटत नाही.

फोनच्या त्रासाबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, आणि कर्जदाराच्या कुटुंबीयांच्या किंवा मित्रपरिवाराच्या खासगी आयुष्यात घुसू नये, असे त्यात म्हटले आहे. प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. या तक्रारीसाठी वकिलाला पैसे देऊ नका, कारण लोकपाल योजनेत वकिलामार्फत केलेली तक्रार स्वीकारलीच जात नाही, ती तुमच्या यजमानांनीच करायची असते. पतसंस्था मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाही. तिच्याविषयीची तक्रार सहकार खात्याकडेच करावी लागते. धमकी दिली, घरात घुसले, तर पोलीस ठाणे आहेच.

३५,००० मागणाऱ्या कंपनीला एक रुपयाही देऊ नका, हे मी तुम्हाला अगदी कळकळीने सांगतो. जाहिरात करून पक्षकार गोळा करायला वकिलांना भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे "आमचे वकील" म्हणून जे सांगितले जाते, ते नेमके कोण, त्यांची सनद (वकिलीचा परवाना) कुठली आणि तुमच्या बाजूने ते कोणत्या न्यायालयात उभे राहणार, हा पहिलाच प्रश्न विचारा. कर्जमाफीचे दाखले देण्याच्या नावाखाली सेवाशुल्क किंवा कायदेशीर शुल्क घेणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी जनतेला सावध केले होते. अशा कंपन्यांची ठरावीक साच्याची पत्रे आमच्याकडेही येत. नाव आणि खाते क्रमांक तेवढा बदललेला असे. आम्ही ती फाइलला लावून वसुली पुढे चालू ठेवत असू. हप्ते थांबवण्याचा सल्ला मानून कर्जदार मात्र आणखी सहा महिने मागे पडलेला असे, आणि ज्या पैशांत त्याची तडजोड झाली असती ते पैसे कंपनीकडे गेलेले असत. दिवाळखोरी जाहीर करून सगळ्यातून मोकळे करतो, असेही काही जण सांगतात. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ मधला सर्वसामान्य व्यक्तींसाठीचा भाग अजून लागू झालेला नाही, हे त्यांना सांगा.

सांगलीच्या वकिलांनी सगळ्या कामाचे मिळून १५,००० सांगितले, ते जास्त की कमी हे मी सांगणार नाही, कारण त्यात काय काय धरले आहे हे तुमच्या पत्रातून कळत नाही. नोटिशीचे उत्तर, लवादाला आक्षेप, निबंधकांसमोरची सुनावणी आणि पुढे खटला झालाच तर त्याच्या तारखा, अशी चार कामे वेगळी मांडून प्रत्येकाची फी विचारा, आणि मुंबईला खटला लागला तर ते स्वतः जाणार की तिथे दुसरे वकील करावे लागणार, हेही विचारा. भेटीच्या वेळी त्यांच्या सनदेचा क्रमांक विचारायला संकोच करू नका. आणि आपल्या भागात फार महत्त्वाचा असा एक प्रश्न सर्वांत आधी विचारा: ते त्या पतसंस्थेच्या किंवा त्या फायनान्स कंपनीच्या पॅनेलवर, म्हणजे ठरलेल्या वकिलांच्या यादीत, आहेत का? सांगली, मिरजेत एकाच वकिलांकडे अनेक संस्थांचे काम असते आणि त्यात गैर काही नाही, पण ज्या संस्थेचे काम ते करतात तिच्याविरुद्ध तुमचे काम त्यांनी घेऊ नये. कर्ज जेवढे कमी होईल त्यात टक्का, अशी बोली कोणी केली तर तिथून उठा. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला आपल्याकडे वकिलांना परवानगी नाही. कोऱ्या कागदावर सही देऊ नका, वकीलपत्र वाचून मगच त्यावर सही करा आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या. मूळ कागदपत्रे शक्यतो स्वतःकडे ठेवून झेरॉक्स प्रती द्या. पुढे मतभेद झाले आणि वकील बदलावासा वाटला, तर फी राहिली म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच ठरवले आहे. वकिलाविषयीची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही, असा निकाल मे २०२४ मध्ये झाला आहे. अशी तक्रार महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे करायची असते.

पण १५,००० देण्याआधी विजयनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात यजमानांना घेऊन जा. मोफत वकिलासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे आणि तुमच्या यजमानांचे उत्पन्न ३,२४,००० भरते, म्हणून तिथे जाण्यात अर्थ नाही असे तुम्हाला कोणी सांगेल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मात्र उत्पन्नाच्या निकषाखेरीज इतरही वर्ग दिले आहेत, आणि त्यांत स्त्रियांबरोबर औद्योगिक कामगारांचाही समावेश आहे. कारखान्याचे ओळखपत्र आणि पगारपत्रक सोबत न्या आणि अर्जात कामगार असल्याचे स्पष्ट लिहा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. फुकटचा वकील म्हणजे निष्काळजी वकील, हा समज मला पटत नाही. कागद नीट लावून दिले आणि तारखांना स्वतः हजर राहिलात, तर त्यांच्याकडून चांगले काम होताना मी पाहिले आहे. त्याच प्राधिकरणामार्फत कार्डांची प्रकरणे दाव्याआधीच लोकअदालतीत ठेवून मागता येतात. तिथे न्यायालयीन शुल्क लागत नाही, पण तिथल्या तडजोडीवर अपील नसते आणि ती हुकूमनाम्यासारखी वसूल होते. म्हणून बँकेचा माणूस समोर घाई करत असला तरी पगारातून खरोखर देता येईल तेवढ्याच हप्त्याला हो म्हणा.

वकिलांकडे जाताना मंजुरीपत्रे, करारनामे, खात्यांचे उतारे, बँकेचे पासबुक, सर्व नोटिशी आणि त्यांची पाकिटेसुद्धा न्या. नोटीस कोणत्या दिवशी मिळाली हे पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून आणि पोस्टमनच्या नोंदीवरून ठरते. बहुतेक घरांत नोटीस जपतात आणि पाकीट टाकून देतात, तेवढे तुमच्याकडून व्हायला नको.

दागिन्यांचे विचारलेत. ते तुमचे स्त्रीधन आहे आणि त्याचा निर्णय तुमचा एकटीचा आहे, यजमानांचाही नाही. माझे मत विचाराल तर कार्डवाल्यांना गप्प करण्यासाठी किंवा त्या जाहिरातवाल्या कंपनीला देण्यासाठी एक मणीही मोडू नका. पतसंस्थेने एकरकमी तडजोडीचा आकडा लेखी दिला, आणि तो भरल्याने बंधूंचे जामीनपत्र मोकळे होणार असेल, तर त्या एका कारणासाठी विचार करण्यासारखा आहे. ही देणी भागवण्यासाठी खासगी सावकाराकडे मात्र जाऊ नका. परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्या व्यक्तीला दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही, आणि महिन्याला शेकडा पाच-दहा मागणारा माणूस परवाना नसलेलाच असतो.

राहिले तुमचे बंधू. कलम १०१ च्या अर्जात कर्जदाराबरोबर जामिनाचेही नाव घालतात, म्हणजे तुमच्या यजमानांना आलेल्या नोटिशीसारखीच नोटीस त्यांच्याकडे निघाली असेल, आणि ती घरी न जाता शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडली तर त्यांना काय वाटेल याचा विचार करा. या रविवारी तुम्ही दोघे त्यांच्याकडे जा, उतारा आणि नोटीस त्यांच्यासमोर ठेवा आणि थकलेला आकडा पूर्ण सांगा, लपवून अर्धा सांगू नका. ते रागावतील, आणि तो राग रास्त असेल. पण सुनावणीपर्यंत अजून दिवस आहेत, आणि हिशोबाच्या हरकती व हप्त्याचा प्रस्ताव यजमानांच्या आणि त्यांच्या सहीने एकाच अर्जात द्यायचा असेल, तर तो अर्ज तयार करताना वकिलांसमोर तेही बसलेले हवेत.